हद आलंय का बघून ये

अक्का,

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. नऊ दिवसांत मला कुणी ‘ए सोलापूरकरीण’ म्हणून हाक मारलेली नाही. या घरात धाकटी सून म्हणून आले त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. माहेरची गल्ली आता मला ओळखणारसुद्धा नाही. मी सात नातवंडांची आजी झाले, पण तुमच्या, थोरल्या जावेच्या, लेखी मी कालच मंगळवेढ्याच्या एसटीतून उतरलेली. तुमच्या त्या हाकेचा मला राग यायचा. आता घरात सगळे काकू म्हणतात, आजी म्हणतात, आणि एकही हाक अंगाला लागत नाही.

भेटायला माणसं येतायत. “अक्का लई शांत व्हत्या,” असं परवा एकजण म्हणाली, तेव्हा मी चहाचा कप तोंडापुढं धरून बसले. हसू लपवायला दुसरं काही हाताशी नव्हतं. तुमचा आवाज नदीपल्याडच्या म्हशी ओळखायच्या. पण मेलेल्या माणसाला शांत करून टाकायची लोकांना घाई असते. तुमची बदनामी करायचा हक्क एकटीचा ठेवावा म्हटलं.

खरं सांगायचं तर मला तुमच्याशी वेगळंच बोलायचंय. एक खोटं सांगून ठेवलंय मी तुम्हाला. ते तुमच्या ज्वारीच्या बियाण्याचं आहे, आणि ते तुम्ही असताना दुरुस्त करायचं राहून गेलं. सांगते. पण आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू द्या. तुम्हीच म्हणायच्या, “शहराची मानसं मुद्द्यावर येण्याआदी गावाला येढा घालून येत्यात.”

तर आमचा येढा.

लग्नानंतरचं पहिलं उत्तरा नक्षत्र. चार दिवस बेताबेतानं पाऊस पडून उघडला होता. मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजायची. मॅट्रिकला भूगोलात वर्गात पहिली. मोसमी वारे कुठून येतात आणि कुठून परत जातात, ते नकाशावर बाण काढून दाखवायची. शेत मात्र एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. तुम्ही चुलीपुढून म्हणालात, “जरा खालच्या रानात जा, आन हद आलंय का बघून ये.”

मी निघाले. पायात टाचेच्या चपला आणि डोक्यावर माहेरची फुलाफुलांची छत्री, तीही आभाळात ढग नसताना. रानाच्या चारी कोपऱ्यांना गेले. हद्दीचे दगड मोजले. एक चप्पल काळ्या चिखलात गेली ती गेलीच. परत आले आणि सासऱ्यांसकट सगळ्यांसमोर ठसक्यात सांगितलं, “हद्द जागेवरच आहे. पूर्वेचा दगड तेवढा कललाय.”

मामंजींच्या हातातला पितळी पेला खाली पडला. आमच्या ह्यांनी नव्या बायकोची बाजू घ्यायची सोडून गोठ्यात जाऊन हसून घेतलं. तुम्ही तेवढ्या हसला नाहीत. पदर खोचलात आणि म्हणालात, “चल. आदी ती दुसरी चप्पल बी काढ.”

तुम्ही अक्कलकोटच्या पलीकडच्या. तुमच्या तोंडात मराठी आणि कानडी एका ताटात कालवलेली असायची. तुमचं हद म्हणजे आमचा वाफसा. पाऊस थांबल्यावर पाणी मुरतं, माती चिखल राहत नाही आणि अजून कोरडीही होत नाही, ती मधली पेरायची वेळ. हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. रानात उभं राहून तुम्ही मूठभर माती उचललीत, दाबून गोळा केलात आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडून दिलात. खाली पडून त्याचे तीन तुकडे झाले.

“चपटा झाला तर वली. भुगा झाला तर ग्येली. असा फुटला की हद,” तुम्ही म्हणालात. “पावण्यावानी हाय बग. आज आलं, उद्या जाईल. ते यायचं असलं की घर सोडून कुटं जायचं नसतंय.”

त्या दिवसापासून तो शब्द माझ्या मागं लागला. भाकरीच्या पिठाला हद, ताकाला हद. आपण दोघी भांडायला लागलो की तुम्ही मधेच हात वर करायच्या, “बास. ह्या भांडनाचं हद ग्येलं आता,” आणि निघून जायच्या. माझं सगळ्यात चांगलं वाक्य तेव्हा नेमकं ओठावर यायचं. अशी किती वाक्यं माझ्याकडं पडून आहेत, अक्का. सगळी धारदार. वापरायला माणूस नाही.

माहेरून मी एक रेडिओ आणला होता. संध्याकाळी हवामान लागलं की सगळ्यांना गप्प बसवायची. तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरी. रोज तेच. पंधरा दिवस ऐकून तुम्ही मला निवांत विचारलंत, “ह्यो तुरळक कुटं आलाय गं? रोज मेला त्याच्याच गावात पडतोय.” मी समजावून सांगायला लागले. तुरळक म्हणजे गाव नव्हे, म्हणजे इथं तिथं. तुमच्या डोळ्यांतली चमक दिसेपर्यंत मी चांगली पाच मिनिटं समजावत होते. चपलेच्या दिवशी राहिलेलं हसू त्या दिवशी तुम्ही पुरं केलंत. पुढं ज्याचं कुणाचं बरं चाललेलं असेल त्याला तुम्ही तुरळककर म्हणायच्या.

तुमचा भरवसा नक्षत्रावर. औंदा हस्ताचं वाहन बेडूक, उत्तराचं म्हैस. मी म्हणायची, “अक्का, बेडकावर बसून पाऊस येतो होय?” तुम्ही म्हणायच्या, “मग रेडिओत बसून येतोय व्हय?”

आणि तुमचं खरं निघायचं, हे मला कबूल केलं पाहिजे. निदान पहिली तीस वर्षं. आपल्याकडं पाऊस यायचा तो परतीचा. “पिशवी इसरलेला पावना जाता जाता माघारी येतोय तसा,” असं तुम्ही म्हणायच्या. उत्तरात एक, हस्तात एक, असे दोन बरे पाऊस झाले की आपली काळी माती ते पिऊन बसायची आणि ज्वारी नुसत्या त्या ओलीवर आणि थंडीवर उभी राहायची. पावसानंतर दोन-तीन दिवसांनी हद यायचं. तुम्ही अनवाणी रानात जायच्या, टाच दाबायच्या, बोटांच्या मधली माती बघायच्या आणि बांधावरून हाक द्यायच्या. तिफण जुंपली जायची. साधं होतं सगळं. इतकं साधं की मला त्याची किंमत वाटायची नाही.

मग ते कधी बिघडलं, मला वर्ष सांगता येणार नाही. पाऊस कमी झाला असं म्हणावं तर तसंही नाही. पूर्वी आठ दिवसांत जो पडायचा तो एका दुपारी कोसळायला लागला. मातीला प्यायला वेळच नाही. वरची माती घेऊन पाणी थेट भीमेत. मग दोन दिवस टळटळीत ऊन, वर कवच, आणि कवचाखाली रबरबाट. आज चिखल, परवा ढेकूळ, मधलं काही नाही. आणि आलंच हद तर एखाद्या दुपारी यायचं आणि आपण जेवून उठेपर्यंत जायचं.

एका वर्षी आपल्याकडं थेंब नाही, आणि वरच्या अंगाला घाटात पाऊस लागून धरण भरलं. सोडलेलं पाणी लख्ख उन्हात खालच्या रानात शिरलं. तुम्ही बांधावर उभ्या राहून नदीला बोल लावलात, “पडायला मावळात पडतोय, आन भिजायला आमी.” त्याच्या आधीच्या साली तीच नदी इतकी सुकली होती की शेळ्या पात्रातून पलीकडच्या गावाला जाऊन यायच्या.

मी म्हणायची पाऊस बदलला. पेपरात लिहितात, समुद्र तापलाय, ढग जास्त पाणी धरतात आणि एकदम सोडतात. तुम्ही डाळ निवडता निवडता मान हलवायच्या. “पाऊस न्हाय बदलला. मानसं बदलली. नदीच्या उरावर मोटारी कुनी बसवल्या? पावसानं? बांधावरची बाभळ कुनी तोडली?” मी समुद्र सांगायची, तुम्ही बाभळ सांगायच्या. तुम्ही निम्म्या बरोबर होता, मी निम्मी. पण आपल्याला दोघींना पुरतं बरोबर असायचं होतं, म्हणून ते भांडण वीस वर्षं चाललं आणि एकदाही त्याचं हद गेलं नाही.

आता बियाण्याचं.

उभ्या पिकात फिरून तुम्ही कणसं निवडायच्या. हुरड्याला कुणी मोडू नये म्हणून त्यांना लाल दोरा बांधायच्या. मग ती आढ्याला टांगायची, मळायची, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची. सासूबाईंकडून तुम्हाला आलेलं, त्यांना कुणाकडून ते त्याच जाणोत. दुकानचं बी दाणा जास्त देतं. पण एका पावसावर तग धरणारी आणि जिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते ती ज्वारी आपल्या घरात तेवढीच होती. तुमचा नियम एकच, “निम्मं रानाला, निम्मं घराला.” सगळं मडकं कधी रिकामं करायचं नाही.

गेल्या वर्षी तुमचं खुब्याचं हाड मोडलं आणि तुम्ही खाटेला लागलात. हस्त निघालं. पाऊस उघडला. तुमचा बसू तुम्हाला विचारायला आत निघाला होता. मी त्याला अडवलं.

“आईला कशाला उठवतोस? मी आहे की.”

“काकू, माती वली दिसतीया पर.”

“फोन बघ तुझा. दहा दिवस नुसते सूर्य काढलेत. थांबलास तर कवच धरेल.”

रानात जाऊन मी गोळा केला आणि सोडला. तो चपटा झाला, अक्का. मला दिसलं. पण त्याला एका कडेनं बारीकशी चीर होती, आणि मी त्या चिरेकडं बघून बसूला म्हटलं, आलंय. पन्नास वर्षं तो शब्द तुम्ही म्हणत आलात. मला एकदा म्हणायचा होता. म्हातारपणी माणसाला काय काय हौस येते. टाचेच्या चपला घालून हद्द मोजणारी ती पोरगी गेली कुठं नव्हती. चष्मा लावून फोन बघत होती एवढंच.

चौथ्या दिवशी पाऊस आला आणि तीन दिवस हलला नाही. निम्मं मडकं जमिनीत कुजलं. रानाला आंबलेल्या पिठाचा वास येत होता.

आणि तुम्ही खाटेवरून विचारलंत, “उगावलं का गं?”

मी म्हटलं, “उगवलं. ओळीन् ओळ, तासंन् तास भरलंय.”

बसू दारात उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. पुढं आम्ही तिथं हरभरा टाकला. माघात शेजारच्या रानातली कणसं आणून मी आरावर भाजली आणि गरम हुरडा तुमच्या तळहातावर ठेवला. तुम्ही बराच वेळ चघळलात.

“गोड हाय,” म्हणालात. “पर ह्याला आपल्या रानाची वळख न्हाय.”

“दात नाहीत तुम्हाला, वळख कुठनं कळणार?” मी म्हटलं. तुम्ही हसलात. तुम्हाला कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही. तुम्ही पुढं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. तुम्ही मला सोडून दिलंत की मी सुटले, यातलं कुठलं धरून झोपावं ते मी रोज ठरवते आणि रोज बदलते.

उरलं होतं निम्मं मडकं. तेही यंदा पेरायलाच हवं होतं. बी जुनं होत चाललेलं, आणखी एक साल ठेवलं तर उगवण जाणार आणि ते नुसतं धान्य होणार. आणि यंदा श्रावणापासून पाऊस सरळ म्हणून नाही. पत्र्यावर त्याचा आवाज ऐकून तुम्ही पूर्वी नक्षत्राचं नाव सांगायच्या. अशाच एका पावसाच्या दुपारी तुमचे पाय चेपताना मी मुद्दाम विचारलं, “सांगा बघू अक्का, कुठला हा?”

तुम्ही बराच वेळ ऐकलंत. मग म्हणालात, “ह्यो पाऊस माज्या वळखीचा न्हाय गं.”

वीस वर्षांचं भांडण मी त्या वाक्याला जिंकले. आणि मला काय सुचलं असेल तर मी म्हटलं, “असं कसं? उत्तराच आहे की. बेडूक वाहन आहे यंदा, असाच पडणार.” तुम्ही माझ्या बाजूच्या झालात आणि मी तुमच्या. एकाच खाटेवर बसून आपण पुन्हा विरुद्धच राहिलो.

दोन दिवसांनी सकाळी, अर्धा कप दूध पिऊन, तुम्ही गेलात. पाऊस आदल्या दिवशी थांबला होता.

आपल्यात माणूस जाळत नाहीत, आपल्याच रानात ठेवतात. बसूनं त्याच्या वडिलांच्या, भावजींच्या, शेजारची, खालच्या रानातली जागा धरली. हातभर खणलं तर तळाला पाणी झिरपायला लागलं. बादलीनं उपसलं, पुन्हा आलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मी म्हटलं, इथं नको. बांधाच्या वरच्या पट्टीत न्या. ती पट्टी तुम्हाला कधी आवडली नाही. मुरमाड, पातळ मातीची, देणं कमी म्हणून तुम्ही तिला सावत्र तुकडा म्हणायच्या. पण तिथं खड्डा कोरडा लागला. तुम्हाला बसवलं, विभूती लावली.

मूठमातीची पाळी आली तेव्हा मी वाकून त्या ढिगातली मूठ भरली. रडत होते, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण बोटांना सवय. बोटांनी ती माती दाबली. मी सोडली, ती खड्ड्याच्या कडेवर पडली आणि फुटली. तीन तुकडे.

अक्का, मी हसले. चांगलं मोठ्यानं. बायकांनी मला दंडाला धरलं. “धरा गं तिला, लई लागलंय तिच्या मनाला,” कुणीतरी म्हणालं. मी खड्ड्याच्या पलीकडं उभ्या असलेल्या बसूला म्हटलं, “बसू, हद आलंय.”

त्याचे डोळे सुजलेले. “काकू, आत्ता ह्ये?”

“उद्या जाईल.”

त्यानं खाली बघितलं, स्वतः मूठ भरली, दाबली, सोडली. मग डोळे पुसून म्हणाला, “व्हय की. आलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या वरच्या पट्टीत पेरलं. आपल्यात सुतक धरत नाहीत हे गावाला ठाऊक आहे, पण गावालाही बोलायला काहीतरी लागतं. मातीला आलेली माणसं अजून घरी पोचली नाहीत आणि म्हातारीला पेरणी सुचतीया, असं म्हणाले म्हणे. म्हणू देत. ट्रॅक्टर रुतला असता म्हणून शेजारच्यांची जुनी तिफण मागून आणली. चाड्यावर मूठ मी धरली. बसू म्हणाला, “निम्मं घराला ठेवायचं न्हवं?” मी मडकं उपडं केलं. तुमचा नियम मोडला. ठेवून काय करणार होतो, पुढच्या साली त्याची भाकरी? तुमच्या मातीला वळसा घालून तिफण गेली तेव्हा बैल आपसूक थोडे बाजूनं चालले. नाही तर मला तसं वाटलं.

पेरल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी तासभर मोठा पाऊस झाला. फोनवर सूर्य होता, पंचांगात बेडूक. मी उंबऱ्यावर बसून राहिले. बसू आत बाहेर करत होता. त्यानंतर चार दिवस मी वरच्या पट्टीकडं फिरकले नाही. बसूला सांगितलं, तूही जाऊ नकोस, गेलास तरी मला सांगू नकोस.

आज सकाळी एकटी गेले. चप्पल हातात घेऊन.

आधी गेल्या वर्षीचं. उगवलं नव्हतं, अक्का. एक दाणा उगवला नव्हता. तुम्हाला न विचारता मी पेरायला लावलं, आणि हुरडा शेजारच्या रानातला होता.

आता यंदाचं. पट्टीच्या उताराला पाणी साचलं होतं, तिथं काही नाही. मधली चार तासं मोकळी गेलीत. बाकीच्यात कोंब वर आलेत, विरळ, कुठं एक, कुठं तीन, तुमच्या कडेला जरा दाट. बियाण्यापुरतं होईल. खायला होणार नाही.